मेंढरांची चार क्रेडिटं

सातारा
९ जून २०२६

तीर्थरूप लीलाआत्या,

आधी चष्मा लावा, मग नमस्कार घ्या.

फोनच करणार होतो. पण मार्चमध्ये मी "साताऱ्यातच आहे" म्हणालो आणि मागनं चिपळूण स्टँडवरची अनाउन्समेंट तुम्हाला ऐकू आली, तेव्हापासून तुम्ही माझा फोन उचलत नाही. दादांना म्हणालात म्हणे, "त्याला लिहू दे. पाकिटावर शिक्का असतो, त्याला थाप मारता येत नाही." बरोबर आहे. म्हणून पत्र.

काम असं. आमच्या कॉलेजात भूगोल मुख्य विषय, म्हणजे मेजर, घेऊन तिसऱ्या वर्षाला जाणारी आम्ही तिघंच उरलो. तिघांसाठी वर्ग चालत नाही. सर म्हणाले, सांगलीला बदली घे. सांगली म्हणजे तुमचंच कॉलेज, जिथलं ऑफिस तुम्ही तीस वर्षं चालवलंत.

अडचण एकच, आणि लय बारकी. चौथ्या सत्रातला मेजरचा एक पेपर, कृषी भूगोल, चार क्रेडिटचा, माझा राहिलाय. नापास नाही, गेलोच नाही. का गेलो नाही ते लांबड आहे. पण त्याच दिवसांत मी एका सरकारी ऑनलाइन कोर्सची परीक्षा दिली. कोल्हापूरला केंद्रावर जाऊन, कॅमेऱ्यासमोर बसून दिली, आणि पास झालो. शेतीसंबंधीचाच कोर्स आहे, तोही चार क्रेडिटचा. ती चार या चारच्या जागी बसवता येतात असं ऐकलं. चारला चार.

इकडं दादांनी एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या गेटवर माझ्यासाठी जागा बघून ठेवलीय. सिक्युरिटी एजन्सी त्यांच्या पलटणीतल्या नाथाजीकाकांची. दादा म्हणतात, "पंधरा जुलैपतोर ॲडमिशन दाखव, न्हाई तर सोळाला ड्यूटी. फालतू बात नहीं." आत्या, बारा तास एका गेटवर. तुमच्याकडचा एक कप चहा मला एका जागी बसून संपवता येत नाही, हे तुम्ही डोळ्यानं बघितलंय.

हे पत्र सकाळीच पोस्टात पडायचं होतं. पण पोस्टाच्या कोपऱ्यावर एक आजोबा छत्र्या दुरुस्त करत बसलेत. त्यांनी मला काडी बसवायला शिकवली. दोन छत्र्या मी केल्या. तिसरी मोडली, तवा त्यांनी उठवलं.

तुमचा भाचा,
शिवतेज

•

विश्रामबाग, सांगली
१२ जून २०२६

चि. शिवतेज,

आशीर्वाद आहेतच, पण ते अर्जाला जोडता येत नाहीत. म्हणून मुद्द्याचं.

मी निवृत्त झाले. ऑफिस आता ज्ञानदाकडे आहे. तिला मीच तयार केलंय, त्यामुळे नियम तेच आहेत, पंखा तेवढा नवीन आलाय. नियम असा: मेजरचा पेपर राहिलेला विद्यार्थी दुसऱ्या कॉलेजातून थेट तिसऱ्या वर्षाला घेत नाहीत. राहिलेल्या पेपरच्या जागी बाहेरच्या परीक्षेची क्रेडिटं धरतात, पण "चारला चार" असा हिशेब बाजारात असतो, कॉलेजात नसतो. ऐच्छिक विषयात काहीही खपतं. मेजरमध्ये बाहेरचा कोर्स आपल्या पेपरशी जुळावा लागतो.

कृषी भूगोलाचे चार घटक आहेत. माती आणि पिकं. पशुपालन आणि चराऊ जमीन. बाजार आणि वाहतूक. हवामान आणि कोरडवाहू भाग. यांतले किमान तीन तुझ्या कोर्समध्ये शिकवलेले असले पाहिजेत. ते ठरवणार भूगोलाचे विभागप्रमुख सुमंत सर. माणूस सज्जन आहे, पण आरशातल्या स्वतःलाही पुरावा मागेल असा.

तेव्हा उलट टपाली पाठव: एक, कोर्सचं प्रमाणपत्र. दोन, दोन वर्षांच्या गुणपत्रिका. तीन, कोर्समध्ये काय शिकलास ते आठवडावार, स्वतःच्या हातानं.

आणि "शेतीसंबंधीचा" हा शब्द मला आवडला नाही. एवढ्या मोठ्या पत्रात छत्रीच्या काड्या मावल्या, कोर्सचं नाव मावलं नाही?

पंधरा जुलै आमच्याकडेही शेवटची तारीख आहे.

आत्या

•

वडूज
१७ जून २०२६

तीर्थरूप आत्या,

शिक्का वडूजचा दिसेल. कॉलेजातनं गुणपत्रिका काढून घरी निघालो होतो. पण स्टँडवर दहिवडीची गाडी उभी होती आणि खिडकीची जागा मोकळी होती. गुणपत्रिका सोबत आहेत.

प्रमाणपत्रही आहे. ते बघण्याआधी पाणी प्या.

कोर्सचं नाव आहे "मेंढी व शेळी व्यवस्थापन". गुण अठ्ठावन्न.

आत्या, मेंढ्या शेतीतच येतात. सरकारचंच तसं म्हणणं आहे. आणि मी काही ठरवून केलं नाही. डिसेंबरात कराडजवळ रस्त्यात मेंढरांचा कळप आडवा आला, गाडी थांबली, मी खाली उतरलो. कळप माण तालुक्यातल्या हरणाबाईंचा. नवरा मुंबईला माथाडीत, ही दीडशे मेंढरं, एक घोडं आणि दीर असा संसार घेऊन दर वर्षी कोकणात उतरते. मी चार दिवस म्हणून सोबत गेलो आणि एप्रिलमध्ये परत आलो. बाकीचे पेपर परत येऊन दिले, पण तो पहिलाच, राहिलेला, कुठं गेला ते आता तुमच्या ध्यानात आलं असंल.

कोर्स मी तिच्यासाठी लावला. लशींच्या तारखा तिला कोणी नीट सांगत नव्हतं. मी मोबाईलवर बघायचो आणि तिला सांगायचो. निम्म्या वेळा ती म्हणायची, "त्या मास्तरला सांग, असं नसतंय."

आता आठवडावार, तुम्ही म्हणालात तसं: पहिला, मेंढ्या-शेळ्यांच्या जाती. दुसरा, चारा आणि खुराक. तिसरा, गाभण मेंढीची काळजी. चौथा, कोकरांची काळजी. पाचवा, रोग. सहावा, लसी. सातवा, लोकर. आठवा, दूध आणि मांस. एवढं शिकलो. खोटं एक अक्षर नाही.

शिवतेज

•

सांगली
२१ जून २०२६

चि. शिवतेज,

पाणी प्यायले. दोन तांबे.

तुझे आठ आठवडे मी आपल्या चार घटकांसमोर मांडले. ओढून ताणून एक घटक जुळतो, पशुपालन. कोकरांची काळजी भूगोलात कुठे घालू? लोकरीला कोणत्या अक्षांशावर टांगू? तीस वर्षांत मी पुष्कळ पोरांचे पुष्कळ अर्ज परत केले. त्यांत एक जण कुस्तीच्या प्रमाणपत्रावर इतिहासात प्रवेश मागत होता. त्याचं निदान तालीम जुनी आहे एवढं तरी म्हणणं होतं.

हा तक्ता मी सुमंत सरांपुढे ठेवणार नाही. भाचा आहेस म्हणून एकाचे तीन होत नाहीत. मी खुर्चीत होते तेव्हाही केले नाहीत, आता तर खुर्चीही नाही.

तुझ्या बापाला, उदयला, मी काही कळवलेलं नाही. तूच सांग. गेटवरची नोकरी वाईट नसते. वर्षभर कर, राहिलेला पेपर दे, पुढच्या जूनला ये. एक वर्ष जाईल, आभाळ कोसळणार नाही.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. प्रमाणपत्रावर कोर्स बारा आठवड्यांचा लिहिलाय. तू आठच लिहिलेस. बाकीचे चार कुठे गेले? हे केवळ माझ्या समाधानासाठी विचारते. अर्धवट भरलेला अर्ज पाहिला की मला जेवण जात नाही.

आत्या

•

सातारा
२५ जून २०२६

तीर्थरूप आत्या,

दादांना सांगितलं. त्यांनी पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, "भूगोल शिकतोयस का मेंढरं?" मी म्हणालो, दोन्ही. ते म्हणाले, "मग दोन्ही गेलं." दुपारी नाथाजीकाकांकडं नेऊन युनिफॉर्मचं माप दिलं. खांद्याला सैल ठेवलंय, काका म्हणाले, "सिक्युरिटीत माणूस भरतंय." कशानं, तर बसून.

वर्ष गेलं तर परत येईन असं तुम्हाला वाटतं. मला माझा भरवसा नाही. एकदा कॉलेज सुटलं की माझ्यासारखा परत वर्गात येत नाही, हे मी चांगलं ओळखून आहे. भूगोल हा एकच विषय असा आहे की त्यात मी जिथं जाईन तिथं तोच चालू असतो. बाकी काही मला जमत नाही. असू दे.

तुम्ही जेवावं म्हणून चार आठवड्यांचं लिहितो. ते मी बघितलेच नाहीत. तुम्ही विचारलं होतं काय शिकलास, म्हणून बघितलेलंच लिहिलं. न बघितलेलं कसं लिहू? फेब्रुवारी संपला तसे आम्ही कुंभार्ली घाट उतरलो. तिथं रेंज नाही. पुढं रेंज आली, पण सकाळी तळ उठायचा तो दुपारी पडायचा. बघणार कधी.

नवव्यात चराऊ राने आणि पाऊस असं काहीतरी होतं. दहाव्यात कळपांच्या वाटा. अकराव्यात बाजार आणि ने-आण. बाराव्यात दुष्काळी पट्टा. नावं परीक्षेच्या आदल्या दिवशी एसटीत वाचली. प्रश्न त्यावरही आले. मेंढ्यांना भाव कधी चढतो, असा एक होता. हरणाबाईंनी लोणंदच्या बाजाराचं सांगितलं होतं ते आठवून लिहिलं. एका रानात किती दिवस चारावं, असाही होता. ती म्हणायची, "गवताचं बूड दिसायच्या आदी उठायचं." पर्यायांत बूड नव्हतं. त्याच्या जवळचं काय होतं ते टिचकवलं.

तर ते चार आठवडे असे गेले. आता पोटभर जेवा.

शिवतेज

•

सांगली
२९ जून २०२६

शिवतेज,

तू गाढव आहेस. हे आशीर्वादाच्या जागी वाच.

विद्यार्थ्यानं किती बघितलं हे कॉलेज विचारत नाही. कोर्समध्ये काय आहे आणि परीक्षेत पास झालास का, हे विचारतं. परीक्षा बाराही आठवड्यांची होती ना? मग बाराही मोजायचे. मी विचारलं "काय शिकलास", आणि तू एखाद्या साक्षीदारासारखं खरं बोलत बसलास. चूक माझीही आहे. प्रश्न चुकीचा विचारला. तीस वर्षांत पोरं जास्त लिहितात म्हणून जपत आले, कमी लिहिणारा पहिल्यांदा भेटला.

ज्ञानदाकडून कोर्सचा छापील अभ्यासक्रम काढून घेतला. चराऊ राने आपल्या दुसऱ्या घटकात जातात. बाजार आणि ने-आण तिसऱ्यात, दुष्काळी पट्टा चौथ्यात. कळपांच्या वाटा तर कुठेही बसतात. पहिला घटक जुळत नाही, तसं मी तक्त्यात स्पष्ट लिहिलंय. चारातले तीन. एक वेलांटीसुद्धा ओढून ताणून नाही.

सुमंत सरांनी तक्ता दोनदा वाचला. म्हणाले, "लीलाताई, कागदावर जुळतंय. पण मेंढ्यांच्या परीक्षेवर मी भूगोलाचा पेपर सोडायचा, तर मुलाला एकदा बघीन म्हणतो." तसा त्यांना अधिकार आहे.

सोमवार, ६ जुलै, सकाळी अकरा, भूगोल विभाग. साताऱ्याहून सांगलीच्या गाडीत बस. खिडकी मिळाली नाही तरी बस. मधे कुठेही उतरायचं नाही, रस्त्यात हत्ती आडवा आला तरी.

आत्या

•

सातारा
७ जुलै २०२६

तीर्थरूप आत्या,

काल तुम्ही ऑफिसात ज्ञानदाताईंशी बोलत होता आणि मी मागच्या दारानं निघून आलो, त्याची माफी आधी मागतो. तुमच्यासमोर तोंड कसं आणायचं कळेना.

झालं ते सगळं सांगतो. सरांनी विचारलं, "मेंढपाळ स्थलांतर का करतात?" मी म्हणालो, चाऱ्यासाठी. तिथंच थांबायला पाहिजे होतं. पण पुढं बोललो. म्हणालो, "सर, पण कुठल्या गावाला थांबायचं ते चारा ठरवत न्हाई. बोलावणं ठरवतं. ज्याला आपल्या रानात मेंढरं बसवून घ्यायची असतात, खतासाठी, तो आदी निरोप धाडतो. त्या बदल्यात धान्य देतो. निरोप न्हाई आला तर भरल्या रानावरनं बी पुढं जावं लागतं."

सर म्हणाले, "हे कोर्समध्ये होतं?"

आता बघा, हो म्हणालो असतो तर झालं असतं. पण ते लय सरळ बघत होते. मी म्हणालो, "ते आठवडे मी बघितलेच न्हाईत सर. मी तवा मेंढरांमागं होतो."

 सरांनी खडू दिला, कळपाची वाट फळ्यावर काढायला सांगितली. मी दहिवडीपासून चिपळूणपर्यंत वाट काढली. वडूज, कराड, पाटण, घाट. जिथं जिथं तळ पडला तिथं ठिपका, ठिपक्यापाशी किती दिवस थांबलो तो आकडा; कराडच्या अलीकडचे हरणाबाईंनी सांगितलेले. सर उठून फळ्याजवळ आले. पाटणच्या अलीकडं ठिपके एवढे जवळ जवळ का, म्हणाले. मी म्हणालो, "कोकरं. त्या पंधरवड्यात अठ्ठावीस झाली. त्यांना दोन कोसांच्या वर चालवत न्हाई. घोड्यावर एका वेळी सहाच बसत्यात."

मग त्यांनी तीन प्रश्न पुस्तकातले विचारले. कोण्या साहेबाचा सिद्धांत, दुसऱ्या साहेबाचा सिद्धांत, आणि पर्जन्यछाया म्हणजे काय. पर्जन्यछाया आली, कारण माण त्यातच आहे. दोन्ही साहेब आले नाहीत. तिनातले दोन गेले. सरांनी फाईल बंद केली आणि म्हणाले, "जा तुम्ही."

"जा तुम्ही." एवढंच. मला "तुम्ही" म्हणाले म्हणजे संपलं, हे मी ओळखलं. दादा पण मला हाकलताना तुम्ही म्हणतात.

युनिफॉर्म शिवून आलाय. तुम्ही माझ्यासाठी एवढं केलं, मी बोलून घालवलं.

शिवतेज

•

सांगली
८ जुलै २०२६

चि. शिवतेज,

मी ऑफिसातून बाहेर आले तर तू नाहीस. व्हरांड्यात तुझी छत्री तेवढी होती. काल दिवसभर तुझ्या पत्राची वाट पाहिली नाही, ते काय असेल मला ठाऊक होतं. तू येतोस तसं उशिरा येईल, आलं की वाचीन. आधी हे वाच.

सुमंत सरांनी संध्याकाळी शेरा लिहून फाईल पाठवली. जसाच्या तसा उतरवते.

"कोर्सच्या अभ्यासक्रमात कृषी भूगोलाचे चारपैकी तीन घटक समाविष्ट आहेत. विद्यार्थी परीक्षा उत्तीर्ण आहे. काही आठवडे पाहिले नाहीत असे त्याने स्वतः सांगितले. नियमात पाहण्याची अट नाही. चार क्रेडिट मेजरमध्ये धरण्यास मान्यता. सिद्धांतांचे वाचन कमी. त्यासाठी त्याने पाचव्या सत्रात पहिल्या बाकावर बसावे."

शेवटचं वाक्य नियमात कुठेही नाही. पण विभागप्रमुखांचा शेरा आहे, तेव्हा पाळावा लागेल.

ज्ञानदा सांगत होती, फळ्यावरची तुझी वाट सरांनी कालही पुसू दिली नाही. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना तीच दाखवून शिकवलं. आणि त्यांनी तुला "तुम्ही" म्हटलं असेल तर घाबरू नकोस, ते शिपायालाही तुम्ही म्हणतात.

पंधराच्या आत मूळ प्रमाणपत्र, कॉलेज सोडल्याचा दाखला आणि चार फोटो घेऊन ये. फोटोत केस विंचरलेले असावेत. उदयला मी वेगळं लिहिलंय, की पोरगं खरं बोललं म्हणून पास झालं. त्याला ते पटायला दोन दिवस लागतील.

आत्या

•

दहिवडी
१६ जुलै २०२६

तीर्थरूप आत्या,

तेराला ॲडमिशन झालं ते तुम्हाला माहीतच आहे, पावती तुम्हीच हातातनं घेऊन दोनदा वाचलीत. कॉलेज वीसला सुरू. मधे सहा दिवस होते. म्हणून इकडं.

दादांनी पावती बघितली, घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवली आणि नाथाजीकाकांना फोन लावला. "युनिफॉर्म दुसऱ्या कुणाला तरी बसंल, बघा." नंतर मला म्हणाले, "पहिल्या बाकावर बसायचं म्हंजी बसायचं. ऑर्डर इज ऑर्डर." तुमचं पत्र त्यांनी तीन वेळा वाचलं, मला दिलं नाही.

हरणाबाईंच्या तळावर काल पोचलो. ती भाकरी थापत होती. मी सांगितलं, "मावशे, आपली मेंढरांची परीक्षा कॉलेजनं भूगोलात धरली."

ती म्हणाली, "मग आजवर कशात धरत हुते?"

 मग तिनं विचारलं, मार्क किती पडले. मी म्हणालो, शंभरात अठ्ठावन्न. तिनं भाकरी उलटली. मग म्हणाली, "माझं सांगितल्यालं समदं बरूबर हुतं. बेचाळीस तुजं गेलं."

दीर हसायला लागला. तिनं त्याला पाण्याला धाडलं आणि मला म्हणाली, "आता तिसऱ्या वर्साला काय काय हाय, वाच." मी सांगलीहून आणलेला कागद काढला. हवामानशास्त्र वाचलं. ती म्हणाली, "ते व्हईल." लोकसंख्या भूगोल वाचलं. "माणसं मोजायची? ते बी व्हईल, मेंढरं मोजतोय न्हवं." तिसरं होतं सागरशास्त्र. ते काय असतं विचारलं. मी म्हणालो, समुद्राचं.

तिनं हातातला गोळा परातीत ठेवला.

"चिपळूणच्या फुडं मी कवा गेले न्हाई," ती म्हणाली. "समुद्राचं मला काय बी ठावं न्हाई बाबा. ते मातुर तुला वर्गात बसूनच शिकाय लागंल."

शिवतेज